गाभण म्हशीच्या मापाची गल्ली

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी दूध आणायला निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी विटांचा ट्रॅक्टर रिकामा होत होता. शेजारी रेतीचा ढीग. शाम राठोड कमरेवर हात ठेवून उभा. मला पाहून त्यानं मान वळवली, आणि मी समजले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "शामनं जिना काढायचं ठरवलं. आपली वाट बंद होते आता."

आमचं घर यवतमाळात, आर्णी रोडकडच्या एका लेआऊटच्या मागच्या अंगाला. आम्हा मागच्या घरांना मुख्य रस्त्यावर यायला जवळची वाट एकच, राठोडांच्या भिंतीला लागून निघणारी गल्ली. दुसरी नाल्याकडून आहे, पण त्या नाल्यावर लेआऊटवाल्यानं नकाशात दाखवलेला पूल अजून नकाशातच आहे. पावसाळ्यात तिकडून जायचं म्हणजे साडी गुडघ्याला आणि चपला हातात. आणि ही जी गल्ली म्हणते मी, ती कागदावर गल्ली नाहीच. राठोडांच्या प्लॉटातला एक पट्टा आहे. मानीबाईनं सोडलेला.

मानीबाई म्हणजे शामची आई. आम्ही सगळेच तिला याडी म्हणतो; त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. लहानखुरी, काळीसावळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. जुना पेहराव सुटला, बांगड्या राहिल्या. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसून काहीतरी निवडत असते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला एकेक शब्द दिल्याशिवाय सोडत नाही. मी देवळातून आले की विचारणार, "काय मागतलं आज देवाले? का नुसती हजेरी लावून आली?"

तिचं माहेर महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचं. जन्म गेला ऊसतोडीत. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत घालायचं, फडावर जाऊन पाचटाची कोपी बांधायची, ऊस संपला की मोडायची, पुढच्या फडावर पुन्हा बांधायची. नवरा नेमसिंग, तोही तोडणीवाला. "माहा शाम कोपीत झाला न् प्रेम चालत्या बैलगाडीत. गाडीवाल्यानं बैल बी नाई थांबवले," असं ती हसत सांगते. ऐकणाऱ्याला हसू येत नाही. नेमसिंगला पुढे यवतमाळात एका जिनिंगवर चौकीदारी लागली आणि त्यांनी इथे प्लॉट घेतला. तेव्हा चहूकडे तुरीची आणि पऱ्हाटीची शेतं. या भागातलं पहिलं घर त्यांचं.

नेमसिंगच्या मनात होतं, जोतं या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत काढायचं. जन्मभर कोपीत वाकून शिरलेला माणूस, त्याला रुंद घर हवं होतं. पण मानीबाईजवळ चंद्री नावाची म्हैस होती, आणि ती गाभण होती. गोठा घरामागे, चराई त्याच्याही मागे. तिनं विचारलं, "म्हैस का मंग घरातून नेऊ? चुलीजवळून?" आणि मिस्त्री चुन्याची फक्की टाकत होता तिथं तिनं चंद्रीला आणून उभं केलं. म्हणाली, हिच्या दोन्ही बाजूनं वीत-वीत सोड, मंग रेघ मार.

मिस्त्री म्हणाला, "बाई, म्हशीच्या हिशोबानं घर बांधते का कोनी?"

"मंग कोनाच्या हिशोबानं बांधू? दूध तू देतं का?"

रेघ म्हशीच्या पोटावरून पडली. म्हैस भाकड असती तर आज आमच्या घरी मोटारसायकल आली नसती. बुलेट येते, ऑटो येत नाही, एवढी ती वाट.

मग मागचं शेत विकलं गेलं, तिथं प्लॉट पडले आणि आम्ही आलो. मथुराबाईचं घर आमच्या आधी झालं, तिच्यामागून एसटीतले, जिल्हा परिषदेतले, एक पेंटर. सगळ्यांच्या विटा या गल्लीतून डोक्यावरून गेल्या. नळाची पाइपलाइन आली तीही इथूनच, खोदणाऱ्यांनी विचारलं, "कोनाची जागा?" तर मानीबाईनं त्यांना पाणी प्यायला दिलं आणि म्हणाली, "खोदा, पन सांजच्या आत बुजवा, म्हैस पाय मोडन." खांब आला, नाली आली, चंद्री गेली, केबल आली, आता इंटरनेटची वायर आहे. घंटागाडी तोंडाशी थांबते, आम्ही डबे घेऊन तिथं जातो. फ्रिज घ्यायचा तर आधी गल्ली मोजायची. माझं लोखंडी कपाट खांबापाशी अडकलं होतं, ते दारं काढून आणलं. नवरदेव घोड्यावरून तोंडाशीच उतरतो. आमच्या मंडळाचा गणपती कधी मोठा झाला नाही. दुसऱ्या मंडळांच्या मूर्ती दरवर्षी वाढतात, आमचा आपला तेवढाच. मला तो फार आवडतो. घरच्या पोरासारखा दिसतो.

तर विटा पडल्या.

कारण प्रेमचं लग्न ठरलं होतं. प्रेम म्हणजे मानीबाईचा धाकटा, एमआयडीसीत कामाला. खालच्या खोल्यांत शाम, त्याची बायको राखी, त्यांची लेकरं आणि मानीबाई. प्रेमनं सांगून टाकलं होतं, वर खोली काढा, नाहीतर लग्न झालं की मी तिकडे लोहारा भागात भाड्यानं राहतो. त्यात त्याचं काही चुकलं म्हणता येत नाही. पण मानीबाईनं त्या दिवसापासून जेवण अर्धं केलं. एकाच छपराखाली दोघं लेक राहावेत, यापलीकडे त्या बाईनं देवाला काही मागितलेलं मला माहीत नाही. वर खोली काढायची तर वर जायला जिना पाहिजे. आणि जिन्याला जागा एकच, गल्ली.

त्या आठवड्यात आमच्या मागच्या सगळ्या घरांना एकाएकी गोड रांधायची हुक्की आली. मथुराबाईनं पुरणपोळ्या पाठवल्या. पेंटरच्या बायकोनं शिरा. कोणी चिरोटे, दिवाळी होऊन गेली तरी. कोणी तोंडानं काही बोलत नव्हतं. मी संकष्टीला कळंबला जाऊन आले. चिंतामणीपुढे हात जोडले खरे, पण मागायचं काय ते ठरेना. वाट राहू दे म्हणावं तर तिचं घर फुटतं. शेवटी म्हटलं, "देवा, तू पाहा काय ते," आणि प्रसादाचे मोदक घेऊन तिच्या ओट्यावर गेले.

तिनं डबा पाहिला आणि म्हणाली, "तू बी? वयनी, मले शुगर हाये. तुमी लोक जिना व्हायच्या आधीच मले मारता का?"

"प्रसाद आहे, याडी."

"मंग दे. देवाचं नाई म्हनत नाई." तिनं मोदक तोंडात टाकला, अन् राखीला हाक मारून उरलेला डबा आत पाठवला.

त्याच वेळी दोन मुली ओट्याशी आल्या. अमरावतीच्या कॉलेजात घरं-रस्त्यांच्या नकाशांचं शिकणाऱ्या. शहराच्या कडेच्या वस्त्या कशा वाढल्या, कुठलं घर आधी, रस्ता कधी, नाली कुणीकडे वाहते, मोकळ्या प्लॉटांवर आता काय आहे, हे सगळं घरोघरी विचारत फिरत होत्या. दोन दिवसांत सगळे त्यांना ओळखायला लागले होते. मथुराबाईनं तर पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "लिहिता कायले? आधी नाली साफ करायले सांगा ना त्याईले." त्यातली उर्वशी नावाची मुलगी पुसदची, म्हणजे आपलीच. तिनं गल्लीत टेप धरला आणि मानीबाईला विचारलं, "आजी, ही गल्ली एवढीच रुंद का? बाकीचे रस्ते तर नियमानं आहेत."

"म्हैस गाभण होती," मानीबाई म्हणाली.

मग चंद्रीची सगळी गोष्ट झाली. उर्वशी हसून हसून ओट्यावरच बसली. "आजी, हे मी लिहिणार. पण आमचे सर मानणार नाहीत."

"मानत नाई त् तुह्या सरले म्हना, म्हैस घेऊन ये न् मोजून पाय."

तेवढ्यात शाम बाहेर आला. त्याच्या मनावर आठवडाभराचं ओझं होतं, ते सगळं आवाजात आलं. "लिहूनच घ्या मॅडम, का ही गल्ली आता बंद होऊन राह्यली. उद्यापासून काम लावतो."

मी रिकामे हात पदरात घेतले.

"शाम," मानीबाई म्हणाली.

"काय शाम? तूच म्हनतं का प्रेम घरातून जाऊ नये. मंग जिना का हवेत टांगू? जागा आपली हाये याडी, कागद आपल्या नावानं हाये. लोकाले रस्ता द्याचं काम नगर परिषदेचं, त्या लेआऊटवाल्याचं. ते झोपले, न् आपन कायले आपलं घर मोडून बसाव?" मग माझ्याकडे वळून, जरा खाली आवाजात, "वयनी, तुमी सांगा, माहं काही चुकते का?"

मी काय सांगणार? चुकत नव्हतंच त्याचं. मी म्हटलं, "नाही रे बाबा, तुझं बरोबर आहे." आणि खरंच तसंच वाटलं मला.

मानीबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "तुह्या बापाचा आजा लदेणी घेऊन जाये," ती म्हणाली. लदेणी म्हणजे पाठीवर माल लादलेल्या बैलांचा तांडा; जुन्या काळी ही मंडळी असा माल वाहायची. "मीठ घेऊन जाये, धान्य घेऊन ये. स्वतःचा वावर का होता त्याले? कोनाच्या धुऱ्यावरून, कोनाच्या गावातून. लोकानं वाट देल्ली म्हनून जगला. तो जगला म्हनून तू हायेस, न् जिन्यासाठी भांडून राह्यला."

"ते जुनं झालं याडी. प्रेमले काय सांगू, लदेणीची गोष्ट सांगू?"

तिचा चेहरा एवढासा झाला. ती उर्वशीकडे वळली. "पोरी, तुमी नकाशे काढता ना? मंग घरात ये. जिना अजून कुठी बसते ते पाय."

उर्वशी गडबडली. म्हणाली, मी अजून शिकतेच आहे. पण टेप घेऊन आत गेली. आम्ही सगळे मागे. तिनं मागचं अंगण मोजलं. तिथं संडास आणि पाण्याची टाकी. राखीचं स्वयंपाकघर मोजलं. तिथं बीम आडवा येत होता. मग समोरची खोली मोजली आणि बराच वेळ कागदावर काढत राहिली. शामनंही वाकून पाहिलं.

"वळणाचा काढला तर इथं बसतो," ती म्हणाली, आणि थांबली. "पण आजी, ही खोली जाते."

ती खोली मानीबाईची. तिची खाट, तिची पेटी, भिंतीवर नेमसिंगचा फोटो, कोनाड्यात सेवालाल महाराज, आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी.

"नाई," शाम एकदम म्हणाला. "ते नाई. मी गल्ली बंद करीन, लोकाच्या शिव्या खाईन, पन ते नाई."

राखीही मागून सासूला म्हणाली, "मामीजी, तुमच्या खोलीतून जिना काढला त् माह्या माहेरचे मले काय म्हनतीन?"

"म्हनतीन, सासू चढाले लागली," मानीबाई म्हणाली. मग शामकडे पाहून, "खोली कुठी जाते रे? जिना वर जाते. खाली जागा राह्यतेच ना. कोपी केवढी राह्ये, आठवते का तुले? त्यात आपन चौघं निजो."

शामनं तोंड फिरवलं. तो गल्लीकडची भिंत बोटानं खरवडत राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं मिस्त्रीला फोन लावला आणि सांगितलं की उद्या नको, परवा ये, आणि सोबत सेंट्रिंगवाल्याला आण, काम आतून हाये.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर मुख्य रस्त्यावर होता आणि मजूर दोन कमी आले. मथुराबाईनं पदर खोचला आणि घमेलं धरायला उभी राहिली. मग पेंटर, मग आमचे हे, शाळेत मास्तर, ज्यांनी घरी कधी ताट उचललं नाही. पार वरच्या फळीपर्यंत माणसांची रांग लागली. मानीबाई नारळ फोडून ओट्यावर बसली होती आणि ओरडत होती, "अवो मास्तर, घमेलं हाये ते, लेकरू नाई, कवटाळू नोका!" दुपारी सगळ्यांना तिनं वरण-बट्टी घातली. गोड काही केलं नाही. म्हणाली, तुमच्या हातचं खाऊन खाऊन आता घरात साखर आणायचीच बंद केली.

माघात प्रेमचं लग्न झालं. नवी सून वर राहते. मानीबाईची खाट जिन्याखाली लागली. उभी राहिली की डोकं पायरीला लागतं, म्हणून ती वाकूनच निघते. फोटो आणि कोनाडा शामनं दुसऱ्या भिंतीवर नीट करून दिला. सेवालाल महाराजांना मात्र पहिल्यापेक्षा मोठी जागा. खिडकी राहिली, तेवढं उर्वशीनं वळण घेताना सांभाळलं होतं.

परवा सकाळी मी फुलं तोडून परत येत होते. ती खिडकीत बसून दात घासत होती. म्हटलं, "याडी, डोक्यावरून दिवसभर पाय वाजतात. झोप लागते का?"

"पाय वाजते तेच त् बरं हाये," ती म्हणाली. मग चूळ भरून, वर पायरीकडे बोट करून, हळूच, "आज नवीचे पाय अजून वाजले नाई. सात वाजून गेले. जाऊ दे, निजू दे तिले. मोठीले मी एक दिवस निजू देल्लं नवतं, तिनं आयकलं त् माही खैर नाई."

आतून राखीचा आवाज आला, "आयकलं मामीजी!"