आत्याकडे येणारी सेविका

शीव कोळीवाड्यात आमच्या आत्याला टीबी झाला, तेव्हा दवाखान्यातून एक आरोग्यसेविका चौकशीला यायची. चाळिशीची, सावळी, बोलणं अगदी हळू. खुर्ची दिली तरी ती आत्याशेजारी लादीवर बसायची आणि चहा दिला की सावकाश पूर्ण प्यायची. आजार कळल्यापासून शेजारचं कुणी आमच्याकडे पाणीही पीत नव्हतं.

एकदा आत्याने तिला सांगून टाकलं, "गोळ्या बंद केल्यात गो. लघवी लाल होते. मोबाइलवर आलंय, या गोळ्यांनी किडनी जाते."

मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने तो मेसेज मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला.

"लाल बघून मीसुद्धा घाबरले असते, मावशी. तो त्या गोळीचाच रंग आहे. मी आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. उद्या डॉक्टरांना विचारू, मी येते सोबत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण तो दाखवला असता, तर पुढच्या वेळी त्यांनी मला खरं सांगितलं नसतं."

आत्या पूर्ण बरी झाली. शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट मिळाला तेव्हा घरचे आम्ही सगळे तिथेच उभे होतो. आत्याने तो आधी त्या सेविकेच्या हातात दिला.