शर्टाखालची ठिणगी

बाबा गेल्यावर त्यांची बंद पडलेली जुनी मोटरसायकल मी मीरा रोडच्या भंगारवाल्याकडे ढकलत नेत होतो. वाटेत एका मेकॅनिकने हटकलं. त्याने स्पार्क प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि अंगातला शर्ट काढून आम्हा दोघांच्या डोक्यांवर ओढला.

"उन्हात ठिणगी दिसत नाय. हाताने किक दाबा."

ठिणगी पिवळी, मरगळलेली. "कमजोर आहे," तो पुटपुटला. मग त्याने पॉलिश पेपरने प्लगला करंट देणारे पॉइंट घासले, रुमालाने हळूच पुसले. पुन्हा शर्टाखाली शिरलो. आता ठिणगी निळीशार होती. गरज नसताना त्याने आणखी दोनदा किक दाबायला लावली, नुसती बघायला.

"मला थांबवलंत कशाला?" मी विचारलं.

"भंगारात द्यायची गाडी कोण एवढी पुसून आणतं?"

मी गाडीवर बसूनच घरी आलो.