भोकं पडलेला मुळा

धामणकर नाक्यावर मुळा घेताना सगळ्या बायका पाला उलटसुलट करून चांगली जुडी निवडायच्या. आमच्या शेजारच्या वेणूकाकू मात्र पाल्याला भोकं पडलेली जुडी मागायच्या. भाजीवाला हसायचा. काकू जुडी पिशवीत टाकायच्या.

राहनाळला काकांचा मुळ्याचा मळा होता. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण मळ्यातल्या दोन माश्यांमधला फरक मला दाखवला तो काकांनी. मुळ्यावरची माशी कमरेत जाड, तिला नांगी नाही. करवत चालवावी तशी ती पानाला चीर पाडते, आत अंडं घालते, आणि मग तिच्या काळ्या अळ्या पाल्याची चाळणी करतात. कुंभारीण माशी तिच्याच कुळातली, पण कमरेत बारीक आणि शिकारी. मातीचं घर बांधते, हिरव्या अळ्या धरून आत भरते. काकू काळ्या अळ्या वेचून चिरडायच्या, मेल्यांना नुस्तं खायाला पायजे म्हणायच्या. कुंभारणीचं घर मात्र कुणाला पाडू द्यायच्या नाहीत. "येकटी राबते बाय, मळ्याची राखन करते."

मग काकांना लकवा झाला. बोलणं गेलं, हातपाय गेले, डोळे तेवढे उघडे. मळा गोदामवाल्याला विकायचं ठरलं, ते मुलाने आणि काकूंनी काकांच्याच उशाशी बसून. यांना आता काय कळतंय, असं काकूच म्हणाल्या. मी तिथेच चहा पीत होते.

मळ्यावर गोदाम उभं राहिलं. एके दिवशी घरात काकांची खाट सरकवताना भिंतीवरचं कुंभारणीचं घर पडून फुटलं. आतून सहा-सात हिरव्या अळ्या सांडल्या. मेल्यात का बघायला काकूंनी एकीला काडी लावली, तर ती किंचित हलली. मी मास्तरणीसारखी सांगत सुटले, की कुंभारीण अळीला मारत नाही, डंख मारून लुळी करते, पिल्लाला ताजं खाणं मिळावं म्हणून. बोलले आणि जीभ चावली. काकू खाटेकडे बघत होत्या.

"म्हंजे ह्यांनी समदं आयकलं आसंल, न्हाय?"

मी खाली वाकून फुटलेल्या घराची माती गोळा करू लागले.

दुसऱ्या दिवसापासून त्या भोकं पडलेला मुळा आणू लागल्या. काकांच्या तळहातावर पान ठेवून म्हणायच्या, "आपल्या मळ्यातला हाय. काळ्या अळीनं खाल्लाय बगा. उद्या औषध मारते." काका डोळे मिटून घ्यायचे. पटलं म्हणून की पटलं नाही म्हणून, देव जाणे. काळ्या अळ्यांना मात्र काकूंनी पुन्हा शिवी दिली नाही. त्या बिचाऱ्या पालाच खातात, म्हणायच्या.

काका गेले. महिन्याभराने मी काकूंबरोबर नाक्यावर गेले. भाजीवाल्याने सवयीने भोकांची जुडी बाजूला काढून ठेवली होती. काकूंनी ती हातात घेतली, पानावरून बोट फिरवलं आणि परत ठेवली.

"आता चांगला दे," त्या म्हणाल्या. "दाखवायला कोन न्हाय."