न ठरलेल्या बिअरचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. गुन्हा नेमका होता कुठे?

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. उन्हाळ्यात एका सकाळी हजेरी चालू असतानाच खबऱ्याचा फोन आला.

"सायेब, खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेनांच्या अलीकडं मळ्यात एक घर हाय. पोरगं रसायन लावतंय. लई आंबूस वास सुटलाय राव!"

रसायन म्हणजे हातभट्टीसाठी आंबत घातलेला माल. दोन पंच, हवालदार आणि एक शिपाई घेऊन मी निघालो.

पडवीत दोन निळे ड्रम, वर फेस, नाकात शिरणारा आंबट वास. आतल्या खोलीत बार्लीची पिशवी, यीस्टची पाकिटं, हॉप्स नावाची कडू वाळलेली फुलं आणि एक जाडजूड वही. वहीवर लिहिलेलं, 'घरची बिअर'. आणखी काय पाहिजे? शिपायाला पडवीत धाडलं, "नमुना काढून ठेव, बाकी ओतून टाक."

मग घरातला पंचविशीतला मुलगा आतल्या खोलीत बोलावून समोर उभा केला. त्याचे वडील हात जोडून म्हणाले, "सायेब, मास्तरकीची ऑर्डर आलीय त्याची. पडताळणीचा कागद तुमच्याच टेबलावर हाय. केस झाली तर नोकरी गेली बघा." खरंच, चारित्र्य पडताळणीचा तो कागद माझ्या सहीसाठी पडून होता.

"कोणती बिअर केलीस?" मी विचारलं.

"साहेब, तेच तर ठरत नाही."

"थट्टा करतोस माझी?"

"आईशप्पथ नाही! लागर करावी तर कितीतरी दिवस थंडाव्यात ठेवायला लागते, आणि फ्रिजमध्ये आईचं दूध-दही. गव्हाची लवकर होते, पण पहिल्यांदाच करतोय, बिघडली तर मला कळणार कसं? काळ्या स्टाउटमध्ये नवख्याच्या चुका झाकल्या जातात म्हणे. पण मला ती आवडेल का, तेच माहीत नाही."

वही चाळली. पानभर फायदे, पानभर तोटे आणि प्रत्येक निर्णयावर काट. चार महिने हेच चाललं होतं. हवालदार माझ्या खांद्यावरून वाचत होते. "साहेब, नवख्यानं काळीच करावी," ते गंभीरपणे म्हणाले. मी डोळे वटारले. खरं सांगतो, तोवर मला गव्हाची बरी वाटू लागली होती!

तेवढ्यात पडवीत आरडाओरडा झाला. शिपायाने एक ड्रम आडवा केला होता आणि मळ्यातून धावत आलेली मुलाची आई दुसऱ्याला मिठी मारून ओरडत होती, "आवो, कुरडईचा गहू हाय त्यो! तीन दिस भिजत घातलाय, आंबनारच की!"

मी ड्रममध्ये हात घातला. फुगलेला गहू. चिमटीत दाबला तर पांढरा चीक निघाला. दर उन्हाळ्यात हाच वास माझ्याही घरात असतो. आयुष्यभर खाल्लेली कुरडई मला ओळखता आली नाही, कारण ड्रममध्ये बघण्याआधी मी वहीवरचं नाव वाचलं होतं.

आता प्रश्न आतल्या सामानाचा. कलम लावायचं म्हटलं तर तेही लावता आलं असतं. पण पाकिटं सीलबंद, भांडी कोरडी ठणठणीत. दारू बनवण्याचा इरादा लिहावा, तर कोणत्या दारूचा? तास गेला, पंच जांभया देऊ लागले, माझं काही ठरेना. वडिलांची नजर माझ्या पेनावर होती.

शेवटी मुलाला म्हटलं, "बिअर असली तरी परवान्याशिवाय घरी करणं गुन्हाच आहे. बार्ली गाईपुढे टाक." पाकिटं त्याने माझ्यासमोर उकिरड्यात पुरली. पंचनाम्यात लिहिलं, 'तयार दारू अगर रसायन मिळून आले नाही.' सांडलेल्या गव्हाबद्दल त्या माउलीची माफी मागितली आणि ठाण्यात आल्यावर पहिली सही मुलाच्या पडताळणीच्या कागदावर केली.

मी चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नोकरीभर पोरांना दटावत आलो, 'काय ते एकदा ठरव.' हा पोरगा आज वर्गात उभा राहून शिकवतो, तो केवळ त्याचं ठरलं नाही म्हणून.