उत्तरेश्वरांची सक्तीची रजा

उत्तरेश्वर या गृहस्थांनी माझ्या नाकी नऊ आणले होते, आणि तेही काम टाळून नव्हे, काम करून. कामचुकार माणसाला वठणीवर कसं आणायचं हे मला ठाऊक होतं. सगळ्यांचं काम जो एकटाच करून टाकतो त्याला काय सांगणार?

बार्शीजवळच्या गावाहून ते सत्त्याण्णव साली पुण्यात आले. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स, डिग्री नाही. आमच्या कंपनीत बॅकअपच्या टेपा बदलायला लागले, पुढे सर्व्हर रूम सांभाळू लागले. मग कंपनीने त्या खोलीला कुलूप लावून सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर नेला, तेव्हा भल्याभल्या इंजिनिअरांच्या आधी हे तेही शिकले. इथवर कौतुकच आहे.

२०१८ साली क्लाउडवरचा हा सगळा कारभार, म्हणजे आमचा प्लॅटफॉर्म, चालवायला टीम उभी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चार जण घेतले. त्यांत श्रद्धा सगळ्यांत हुशार आणि तेजस सगळ्यांत आळशी. कागदावर टीम देखणी होती. प्रत्यक्षात कंपनीत कुणाचं काहीही अडलं की तो थेट उत्तरेश्वरांच्या खुर्चीमागे जाऊन उभा. "राहू द्या, तेवढं मी बघतो की," हे यांचं ठरलेलं वाक्य. श्रद्धाला एखादं काम द्यावं, तर ती पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत यांनी ते उरकलेलं असे. तेजसला अर्थातच हे फार आवडायचं.

"अहो, त्या पोरांना चुकू तरी द्या," मी म्हणायचे.

"चुकल्यावर मलाच निस्तरायचंय मॅडम."

पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी आमचा साहेब आमोद, वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, एक दिवस म्हणाला, "पद्मजा, उत्तरेश्वरशिवाय दहा दिवस हे चालवून दाखव. नाहीतर टीम बंद, काम बाहेरच्या कंपनीला." एकवीस वर्षांत ज्या माणसाने सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती, त्याला मी सक्तीने दहा दिवसांच्या रजेवर पाठवलं. लॅपटॉप काढून घेऊन माझ्या कपाटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा, मुक्ताईंचा फोन. "मॅडम, ह्यांना बोलवून घ्या ओ. सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसत्यात अन् फोनकडं बघत्यात." मला हसू आलं. इकडे सगळं सुरळीत होतं, मी खुशीत होते. चौथ्या दिवशी जिन्यात तेजस फोनवर बोलताना दिसला. "हो सर, ती टाकली कमांड. आता पुढची सांगा."

माझं काय झालं असेल ते विचारू नका. तशीच गाडी काढली आणि स्वारगेटची गर्दी शिव्या घालत पार करून कात्रजला उत्तरेश्वरांच्या दारात उभी राहिले. दार त्यांनीच उघडलं, इस्त्रीच्या शर्टात.

"तुम्हाला टीम बुडवायचीय का उत्तरेश्वर? स्पष्ट सांगा."

मुक्ताईंनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या. मग ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं डिग्री हाय, श्रद्धाकडं हाय. माझ्याकडं काय हाय? जे मला येतं अन् दुसऱ्याला येत नाही, तेवढंच. तेबी वाटून टाकल्यावर मला कोण ठेवंल?"

मला त्यांचा इतका राग आला होता की त्या भीतीतलं खरं मला दिसलंच नाही. मी म्हटलं, "काहीतरीच काय! टीम उभी करणाऱ्याला कुणी काढतं का? तुमची नोकरी कुठे जात नाही. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर हा माणूस बदलला. आमोदकडून मी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. ते तीन महिने त्यांनी श्रद्धाला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसले. कीबोर्डकडे हात जाऊ नये म्हणून हाताची घडी घालून. ती चुकली की यांचा जीव वरखाली व्हायचा, पण बोलायचे नाहीत. तेजसला त्यांनी आपल्या डोक्यातलं एकूण एक लिहून काढायला लावलं. कंटाळला तर म्हणायचे, "लिही लेकरा, नाहीतर पुन्हा मलाच फोन करशील."

दुसऱ्यांदा रजेवर गेले तेव्हा फोन मुक्ताईंच्या ताब्यात होता. सहाव्या दिवशी सकाळी प्लॅटफॉर्म ठप्प झाला, एकाही ग्राहकाला आत शिरता येईना. श्रद्धाने चाळीस मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. मी फक्त बघत उभी होते. टीम पास!

दहा दिवस पुरे झाल्यावर आमोदला सांगायला गेले तर तो खूश. "ग्रेट! म्हणजे आता उत्तरेश्वरची गरज नाही. पुढच्या वर्षी एक जागा कमी करायचीच आहे. डिग्रीपण नाहीये, पेपरवर सोपं जाईल."

मी भांडले. तावातावाने भांडले. ही टीम त्यांनीच घडवलीय, म्हटलं. तो म्हणाला, "घडली ना? मग झालं."

वरच्या मंडळींचा निर्णय माझ्या लेखी अहवालावर व्हायचा, आमोदच्या तोंडी बोलण्यावर नाही. जागेवर येऊन मी तो लिहिला: टीम नापास, अजून सहा महिने लागतील, तोवर उत्तरेश्वर आवश्यक. आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं लिहिलं, आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

अहवालाची प्रत टीमलाही जायची. दुसऱ्या दिवशी रजेवरून परतलेले उत्तरेश्वर ती वाचून माझ्यासमोर उभे राहिले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "श्रद्धाला नापास केलं? चाळीस मिनिटांत उठवलं तिनं! मला तास लागला असता. काय म्हणून नापास?"

"बसा."

"नाही बसत. उद्या टीम बंद झाली तर ही लेकरं कुठं जातील? रिपोर्ट बदला."

"अहो, बदलला तर तुम्हाला काढतील!" मी ओरडले. काचेपलीकडची चार डोकी वळली. मी आवाज खाली आणून त्यांना सगळं सांगितलं.

ते खुर्चीत बसले. शर्टाची बाही नीट केली. कात्रजला दिलेल्या शब्दाबद्दल मला एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"पास झाली ना ती?" ते म्हणाले.

"झाली."

"मग पास लिहा."

मी पास लिहिलं. मार्चअखेर उत्तरेश्वर गेले.

प्लॅटफॉर्म उत्तम चालला आहे. श्रद्धा आता नव्या मुलांना स्वतः काही करून देत नाही. हाताची घडी घालून शेजारी बसते आणि त्यांना करू देते. ते बघून मला अभिमान वाटायला हवा. मला फक्त संताप येतो, आणि तो आमोदपेक्षा माझाच जास्त येतो, कारण शब्द मी दिला होता.