कोंबडीच्या रकान्यातला पोपट

पोपटाने माझ्या अंगठ्याचा लचका तोडला आणि तायडे कंपाउंडर हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, राग नोका मानू. परवापासून उपाशी आहे थो."

मी अंगठा तोंडात घातला. गुरांच्या दवाखान्यात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. तोवर बैलांच्या लाथा खाल्ल्या होत्या, एका म्हशीने मला काटेरी कुंपणात फेकलं होतं. पण रक्त काढणारा पेशंट हा पहिलाच, आणि तोही मुठीएवढा.

ही गोष्ट अकोल्याची, साठ सालाच्या आगेमागे घडलेली. तायडे माणसांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या वॉर्डात एक म्हातारा ज्योतिषी दाखल झाला होता. बसस्टँडसमोर तो पोपट घेऊन बसायचा. पोपट पेटीतून बाहेर यायचा, मांडलेल्या पाकिटांतलं एक ओढायचा आणि म्हातारा त्यातलं भविष्य वाचून दाखवायचा. म्हातारा त्या दुखण्यातून उठला नाही. जाण्याआधी तायड्यांचा हात धरून त्याने पोपट त्यांच्या स्वाधीन केला, आणि तायडे "सांभाळतो" म्हणून बसले. आता शब्द दिलेला होता आणि पोपट मरायला टेकला होता.

मी त्याला टॉवेलात गुंडाळून तपासलं. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं. पक्ष्यांच्या गळ्याखाली दाणे साठवायची पिशवी असते, तिला क्रॉप म्हणतात. ती पार रिकामी होती. रोग मात्र कुठे दिसेना. पंख कापलेले, त्यामुळे सोडून द्यायचीही सोय नव्हती. पहिल्याच मांजराने त्याचा निकाल लावला असता.

तेवढ्यात आमचे साहेब आत आले. साहेब मूळचे पुण्याचे.

"हे काय?"

"पोपट, सर."

"रजिस्टरमध्ये पोपटाचा रकाना आहे?"

"नाही, सर."

साहेबांनी पोपटाकडे पाहिलं. पोपटाने साहेबांकडे पाहिलं. "कोंबडी लिहा," साहेब म्हणाले आणि निघून गेले. मी तसं लिहिलं.

संध्याकाळी व्हिटॅमिनची पावडर घेऊन मी तायड्यांच्या घरी गेलो. ओसरीत नवाकोरा, मोठा, तारेचा पिंजरा टांगलेला. त्यात पेरू, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरुडच्या संत्र्याच्या फोडी. एवढा पाहुणचार माझ्या सासुरवाडीलाही कधी झाला नाही. पोपट कोपऱ्यात फुगून बसलेला. तायड्यांच्या आई सरजाबाई समोर बसून त्याची मनधरणी करत होत्या, आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली जमलेली.

"काऊन रे बाप्पा, काय कमी केलं तुले?" सरजाबाई त्याला विचारत होत्या.

"आजी, त्याची जुनी पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

"थे घाणेरडं खोकं? सरपणात टाकलं. नवा जल्म, नवं घर."

मी पहिल्यांदा गल्ली घरी पाठवली. मग सरपणातून पेटी काढवली. तीन बाजूंनी बंद, पुढे सरकती जाळी असलेली लाकडी पेटी, आत जेमतेम वळायला जागा. भेदरलेल्या पाखराला चहूकडून उघडा पिंजरा म्हणजे चौकात अंथरूण घातल्यासारखं. पेटी नव्या पिंजऱ्याशेजारी ठेवली आणि दोन्ही दारं उघडली, तसा पोपट चालत आत गेला आणि पाठ लाकडाला टेकवून बसला. फुगलेली पिसं खाली आली. पण खाईना. वाटी पुढे केली, तरी तो तिच्याकडे बघेना.

आता औषध पाण्यातून द्यावं म्हणून मी पावडरच्या पुड्या काढल्या आणि रोज किती घालायची ते सरजाबाईंना दाखवायला पाटावर ओळीने मांडल्या. पेटीची जाळी उघडीच होती. पोपट तुरुतुरु बाहेर आला. ओळीपुढून एकदा इकडून तिकडे चालला, एक पुडी चोचीत धरून ओढली, बाजूला ठेवली आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत उभा राहिला.

मला काही उमगेना.

सरजाबाईंचा जन्म कपाशी वेचण्यात गेला होता. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अवो, मजुरी मांगून राहिला ना थो!"

त्यांनी ज्वारीचा एक दाणा बोटांच्या चिमटीत धरला. पोपटाने तो अलगद घेतला. बोटाला चोच लागलीसुद्धा नाही. मग स्वतःच फिरून पेटीत गेला.

वाटी भरून ठेवलेलं खाणं त्याला ठाऊकच नव्हतं. जन्मभर एक पाकीट, एक दाणा, एवढाच त्याचा हिशोब. काम मिळेना, म्हणून तो जेवेना. आम्ही पुन्हा पुड्या मांडल्या. पुन्हा तो आला.

ड्यूटीवरून परतलेले तायडे दारातच थबकले. हे घर नव्याने बौद्ध झालेलं. ज्योतिष, गंडेदोरे, नवससायास, सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं होतं. म्हाताऱ्याची पाकिटं तर तायड्यांनी पहिल्याच दिवशी चुलीत घातली होती.

"माय! आपल्या घरात भविष्य?"

"भविष्य नाही रे, जेवन चालू आहे त्याचं. ओरडू नोको, उठून जाईन थो."

तायडे चपला काढून आत आले. मग खाली बसले आणि हिरीरीने कोऱ्या कागदाच्या पुड्या वळू लागले. त्या कामात त्यांचा हात धरणारा अख्ख्या अकोल्यात कोणी नव्हता.

पुढचं सगळं सरजाबाईंनी केलं, मी फक्त सांगायला होतो. आधी एका पुडीला एक दाणा, मग दोन, मग मूठभर. मग दाणा अशा जागी धरायचा की बोटावर चढल्याशिवाय चोच पोचू नये. हिसका द्यायचा नाही, तो मागे सरला तर आपणही मागे सरायचं. अंग भरू लागलं, पिसांवर तेज आलं. लवकरच तो त्यांच्या खांद्यावर बसून गल्लीवर नजर ठेवू लागला. पोपट पाकीट ओढतो हे कळल्यावर शेजारच्या बाया लेकींच्या सोयरिकी विचारायला आल्या. सरजाबाई त्यांच्या हातात कोरी पुडी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "यात काहीच नाही. पोरगा नीट पाहून या आधी."

पण पुडी ओढल्याशिवाय तो घास घेत नव्हता. फुकटचा दाणा पुढे केला की मान फिरवायचा. सरजाबाईंना हे फार लागायचं. "एवढा भरोसा केला, तरी मले मालकीणच समजते," त्या म्हणायच्या.

दिवाळीनंतर एकदा मी तायड्यांकडे जेवायला होतो. पोपट सरजाबाईंच्या खांद्यावरून उतरला, ताटाच्या कडेवर आला आणि त्यांच्या भाकरीचा तुकडा तोडून तिथेच उभ्याउभ्या खाऊ लागला. पुडी नाही, काही नाही. सरजाबाईंचा घास हातातच राहिला आणि डोळ्यांना धार लागली.

तायडे हात उगारून ओरडले, "अबे, ताटात कायले तोंड घालतं!"

"खाऊ दे रे त्याले," सरजाबाई म्हणाल्या. "पेन्शन घेऊन राहिला थो."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत माझी एक सवय झाली. कोणतंही जनावर खात नाही म्हणून आणलं, की जीभ नंतर बघायचो. आधी विचारायचो, याच्याकडून काम काय घेत होता?