आओरा बेंगो

नेदरलँड्समधल्या ब्रेडाच्या माझ्या कॉलेजात तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर दुसऱ्या देशात काढावं लागतं. वर्गातल्या डच मुलांसाठी ते परदेशी जाणं होतं. मी मुळातच परदेशात होते, त्यामुळे मला नक्की कुठून कुठे जायचंय हे पुण्यात आईला फोनवर समजावताना बराच वेळ गेला. मी स्पेनमधलं सारागोसा निवडलं, कारण त्या शहराबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि वर्गातलं दुसरं कोणी तिथे जात नव्हतं. ओळखीची माणसं बरोबर असली की मी उलट जास्तच गप्प होते.

ब्रेडात मी दोन वर्षं इंग्रजीवर काढली होती. सुपरमार्केटात पावती हवी का विचारलं की ‘ने, दांक यू’ म्हणायचं, मागून सायकलची घंटी वाजली की बाजूला व्हायचं, एवढं डच मला पुरत होतं. इंग्रजी माध्यमात शिकल्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच, की कुठेही गेलं तरी लपायला एक भाषा असते. सारागोसात ती फारशी चालत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. बसच्या ड्रायव्हरने माझं इंग्रजी अगदी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपलं आधीचंच स्पॅनिश वाक्य पुन्हा, फक्त मोठ्याने म्हटलं.

मला खोली मिळाली होती ती एका आजींच्या घरात. तोंडाने मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि मनात आजी. नवरा गेल्यापासून त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी शाळेत इंग्रजी शिकवायची. खोलीचं सगळं तिनेच व्हिडिओ कॉलवर ठरवलं. आईला मदत कसलीच लागत नाही, ती म्हणाली, फक्त रात्री घरात अजून कोणीतरी श्वास घेणारं असलं की मला झोप लागते. मग आवाज जरा खाली आणून तिने हेही सांगितलं, की हे जमलं तर आई स्वतःच्याच घरात राहील. नाही जमलं तर तिला आपल्या गावी न्यायचं, आपल्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे. आईला ते मुळीच नकोय. मी म्हणाले, जमेल. न जमण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही.

आजी ठेंगण्या, ताठ, आणि केस कायम नीट बसवलेले. दुपारच्या जेवणाआधी लिपस्टिक लावून त्या खाली कोपऱ्यावरच्या कॅफेत जायच्या. तिथे एका मैत्रिणीबरोबर दुधाची कॉफी प्यायची, मग वर येऊन जेवायचं. निदान पहिल्या आठवड्यात, माझं कॉलेज सुरू होण्याआधी, त्यांचा हा नेम मी रोज बघत होते.

त्याच आठवड्यात एकदा त्या कचऱ्याची पिशवी घेऊन दाराशी गेल्या, वळून मला ‘आओरा बेंगो’ म्हणाल्या आणि लिफ्टने खाली गेल्या. दोन्ही शब्द मला येत होते. आओरा म्हणजे आता. बेंगो म्हणजे येते. मी सोफ्यावर बसल्या बसल्या एकदम खूश झाले. ही बाई घरातून निघताना चक्क ‘येते’ म्हणाली होती.

माझं मराठी काही फार चांगलं नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये माझी अजूनही गडबड होते. पण घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची माझी हिंमत नाही, ते व्याकरणाच्याही आधी शिकवलेलं असतं. नेदरलँड्समध्येच, बेस्ट नावाच्या गावात, माझी एक लांबची मावशी राहते, तिची धाकटी मुलगी मराठी समजते पण उत्तर डचमध्ये देते. तीसुद्धा शाळेला निघताना ‘डुई’, म्हणजे डच बाय, म्हणाली की मावशी तिला दारातच थांबवते, आणि ‘येते’ वदवून घेतल्याशिवाय सोडत नाही. इंग्रजीत बाय म्हणून मी वेळ मारून नेत आले होते. इथे मला आपला शब्द सापडला होता.

मग कॉलेज सुरू झाल्यावर रोज सकाळी सॅक खांद्याला लावून मी दाराशी ‘आओरा बेंगो, सेन्योरा’ म्हणायला लागले. माझ्या सगळ्या स्पॅनिशमध्ये हेच एक वाक्य न अडखळता यायचं. आजी मान हलवायच्या. संध्याकाळी मी परत आले की त्या खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारायच्या, ‘या?’ मला ते आपलं ‘या’ वाटायचं, या बसा मधलं. त्याचा अर्थ ‘झालं एकदाचं?’ असा काहीसा होतो, हे मला खूप नंतर कळलं.

टेबलावर माझ्यासाठी मसूर किंवा चण्याचं सूप वाढलेलं असायचं, वर दुसरी ताटली पालथी घातलेली. त्यांची स्वतःची ताटलीही समोर असायची, तीही भरलेली. आम्ही दोघी गार झालेलं ते सूप पुन्हा गरम करून गप्प जेवायचो. या देशात रात्रीचं जेवण उशिरा असतं असं मी ऐकलं होतं, मग हे कुठलं जेवण, असं मनात यायचं. विचारावं असंही वाटायचं. पण विचारायला वाक्य जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत ताटल्या उचललेल्या असायच्या.

अशा काही आठवड्यांनंतर लेक अचानक आली. मी कॉलेजातून आले तर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. आजी बाहेर टीव्हीसमोर होत्या. लेकीने माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि मला हायसं वाटलं, हे मला आठवतं.

ती म्हणाली, आईच्या मैत्रिणीचा फोन आला होता. आई कॉफीला खाली येत नाही, विचारलं तर म्हणते, मुलगी येतेच आहे, थांबायला हवं. दुपारचं जेवतही नाही, तुझ्यासाठी थांबते. लेकीने फ्रिजवर लावलेल्या माझ्या टाइमटेबलकडे बोट दाखवलं. तिने हे आईला समजावून सांगितलं होतं, की मुलगी संध्याकाळी येते, हे बघ, लिहिलेलं आहे. तर आई म्हणाली, ती रोज सकाळी सांगून जाते की लगेच येते. रोज.

‘तिला वेळ कळेनाशी झाली आहे,’ लेक म्हणाली. ‘कोणी न बोललेल्या गोष्टी तिला ऐकू येतात.’

गुरुवारी डॉक्टरांकडे नेणार होती. आणि ती दुसरी जागा, घराजवळची, तिथे फोनही करून झाला होता. तुझा यात काही दोष नाही, असं तिने मला दोनदा सांगितलं. मी मान हलवली. मला खरंच वाईट वाटलं. माझ्या एका काकांचं असंच झालं होतं, ते मी तिला सांगितलंसुद्धा. तोवर बाहेर आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण स्वयंपाकघरात कोणाबद्दल बोलणं चाललंय हे कळायला भाषा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक टेबलाशी कॉफी पीत होती आणि आजी खिडकीशी. मी बूट घातले, सॅक उचलली आणि सवयीने म्हणाले, ‘आओरा बेंगो, सेन्यो...’

लेकीने कप खाली ठेवला. तिने आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि तेव्हा ते वाक्य मला ऐकू आलं. इतके दिवस मी ते नुसतं म्हणत होते. ‘येते’ आणि ‘आत्ता येते’ यांत आपल्याकडेही केवढा फरक आहे. एक म्हणून माणूस वर्षभरासाठी जाऊ शकतो, दुसरं म्हणून फार तर कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला. आजी त्या दिवशी कचरा टाकायला गेल्या होत्या आणि लगेच वर आल्या होत्या. मी त्यातल्या फक्त दुसऱ्या शब्दाचा अर्थ उचलला होता.

‘तू आता काय म्हणालीस?’ लेकीने इंग्रजीत विचारलं.

इंग्रजीत मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगू शकले असते. तिला ते पटलंही असतं, भाषेची शिक्षिकाच ती. पण आजी तिथे खुर्चीत बसलेल्या असताना, त्यांच्या डोक्यावरून, त्यांना न येणाऱ्या भाषेत त्यांच्याबद्दल ठरवणाऱ्या आम्ही दोघी पुन्हा तशाच बोलत राहिलो असतो. मी सॅक खाली ठेवली आणि आजींसमोर जाऊन उभी राहिले.

माझ्या स्पॅनिशला तेव्हा भूतकाळ नव्हता. जे घडून गेलं तेही मला आता घडतंय असंच सांगावं लागलं. मी म्हणाले, ‘सेन्योरा, तुम्ही बरोबर ऐकता. मी रोज चूक बोलते.’ मग कसंबसं सांगितलं, की माझ्या भाषेत घरातून निघणारा माणूस जातो असं म्हणत नाही, ते अशुभ असतं. अशुभ हा शब्द येत नसल्यामुळे मी म्हणाले, मेलेले लोक जातात, बाकीचे येतात. तो येतो म्हणतो आणि जातो.

आजींनी हे नीट ऐकून घेतलं. ‘जाणारा येतो म्हणतो,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘आणि ज्याला खरंच यायचं असतं, तो काय म्हणतो?’

हा विचार मी कधीच केला नव्हता. जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून आम्ही सगळे काय ओरडतो ते आठवलं. ‘तो म्हणतो, आलो. अजून उठलेला नसतो, तरी.’

‘मग तुमच्याकडे माणसं जेवतात तरी कधी?’

लेकीला हसू आलं आणि ते तिने कपात लपवलं. आजी हसल्या नाहीत. त्या लेकीकडे वळल्या.

‘ऐकलंस ना? मी बरोबर ऐकत होते.’

‘आई, मला वाटलं की तू...’

‘मलाही तेच वाटलं,’ आजी म्हणाल्या.

मग जे त्यांनी सांगितलं ते सगळं तेव्हा मला कळलं नाही, लेकीने मधूनमधून इंग्रजीत सांगितलं, आता मात्र दोघींसाठी, आईकडे बघत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, माझी ट्राम चुकली असेल. मग वाटलं, भारतातल्या लोकांचं ‘आता’ लांब असेल, लॅटिन अमेरिकेतल्या लोकांचं असतं म्हणे. दाराला कुलूप बघून परक्या मुलीने जिन्यात उभं राहू नये म्हणून त्या कॉफीला जायच्या थांबल्या. माझ्याकडे किल्ली होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपल्याला येते म्हणून सांगून गेलेल्या माणसासाठी दार आपण उघडायचं असतं. आणि मी रोज संध्याकाळी काहीच न झाल्यासारखी येऊन सूप प्यायचे, तेव्हा त्यांना वाटायला लागलं की आपणच चुकीचं ऐकतोय. तेव्हापासून बटाटे सोलताना त्या आपल्या भावंडांची नावं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत म्हणून बघत होत्या. एकदा मधल्या भावाचं नाव दुपारपर्यंत आठवलं नाही. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

लेक उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. म्हणाली, डॉक्टरांची वेळ रद्द करते.

‘कशाला?’ आजी म्हणाल्या. ‘जाऊ आपण. तुला झोप लागायला हवी. मलाही. पण त्या दुसऱ्या जागेला फोन करण्याआधी मला विचारायचं.’

गुरुवारी त्या दोघी जाऊन आल्या. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले, भावंडांची नावं मात्र विचारली नाहीत, याचं आजींना वाईट वाटलं, तयारी होती म्हणून. वयाच्या मानाने ठीक आहे, वर्षाने पुन्हा या, एवढंच निघालं. घर सोडायचा विषय निदान त्या वर्षापुरता मिटला.

संध्याकाळी लेक परत निघाली तेव्हा मी तिची बॅग घेऊन लिफ्टपर्यंत गेले. तिने माझा हात धरला. तिचे डोळे थकलेले होते. ती कोणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती, दुसऱ्या गावात एकटी काळजी करणारी होती. इंग्रजीत म्हणाली, जरा लक्ष ठेव, नाव विसरली, गॅस चालू राहिला, असं काहीही दिसलं तर मला कळव. आईला सांगायची गरज नाही.

माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. मोठ्या माणसांना मी नेहमी हो म्हणते, त्याने बोलणं लवकर संपतं.

‘कळवीन,’ मी म्हणाले. ‘पण आधी त्यांना विचारीन.’

‘ती नाहीच म्हणेल.’

‘मग तुम्ही आत्ताच विचारा ना त्यांना. त्या घरातच आहेत.’

असं मी त्याआधी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. तिला ते लागलं, चेहऱ्यावर दिसलं. लिफ्ट आली, दार उघडलं, आत कोणी नव्हतं, दार मिटलं. ती तशीच उभी होती. मग तिने कोटाची बटणं काढली आणि घरात गेली. स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज यायला लागले, आधी आजींचा चढलेला, मग लेकीचा, मग दोघींचा एकदम. तिची गाडी चुकणार हे उघड होतं. मी बॅगेपाशी जिन्यातच थांबले आणि दार बाहेरून ओढून घेतलं.